नाल्याकडून आलेली हाक

परतवाड्याचा कुर्बान बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि असा वाजवायचा की वरातीतल्या घोड्याचाही पाय ठेक्यात पडावा. एकदा कानावरून गेलेली चाल त्याला दुसऱ्यांदा ऐकावी लागत नसे. पण ज्या सालांची ही गोष्ट आहे त्या सालांत वऱ्हाडात लग्नं कशी उरकली जात होती, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापसानं सगळ्यांनाच खाली बसवलं होतं. एका मांडवात तीस-तीस जोडपी उभी राहायची आणि तीस नवरदेवांत मिळून बँड एक. पुढे पुढे तोही नको झाला, लाउडस्पीकरवर भागायला लागलं. म्हणजे कुर्बानच्या छातीत दम होता, बोटांत कला होती आणि रविवार मोकळे पडले होते. अशा माणसाला एखादं खूळ लागायला वेळ लागत नाही. त्याला ते खुशालरावांनी लावलं.

खुशालराव मोर्शीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावाबाहेर संत्र्याची बाग, मुलगा किशोर पुण्याला नोकरीत. या किशोरच्याच वरातीत कुर्बाननं दोन गाण्यांच्या मधे गंमत म्हणून भारद्वाजाचा घुमणारा आवाज काढला, आणि वरबाप वरात सोडून बँडमध्ये शिरला. हा आवाज कुठं ऐकला, कसा काढला, आणखी कोणते येतात, अशी सरबत्ती सुरू झाली. तिकडे नवरदेव घोड्यावर ताटकळला, भाऊबंद कुरकुरले, रुख्मिणीकाकूंनी नवऱ्याचा सदरा धरून ओढला, तेव्हा कुठे वरात हलली. चौथ्या दिवशी खुशालराव परतवाड्यात कुर्बानच्या दारात हजर. काखेत दुर्बीण, हातात एक कॅसेट.

कॅसेटमध्ये रानपिंगळ्याचा आवाज होता. हे घुबडाच्या कुळातलं मैनेएवढं पाखरू शंभरावर वर्षं कोणाला दिसलं नव्हतं. ते संपलं असं जाणत्या लोकांनी धरून टाकलं होतं, आणि सत्त्याण्णव साली ते सातपुड्यातच, खानदेशाच्या अंगाला, जिवंत निघालं. पेपरातली ती बातमी वाचली त्या दिवसापासून खुशालरावांचा जीव त्या पाखरात अडकला. मेळघाटाच्या आतल्या जंगलात ते असल्याचं त्यांच्या कानावर होतं, पण परतवाड्याच्या डोक्यावर जे डोंगर आहेत तिथं ते आहे असं कोणी सांगत नव्हतं. तिथली पहिली नोंद आपण करायची, असं त्यांनी मनाशी घेतलं. घराशेजारचा आपला साधा पिंगळा वेगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि तो अंधार पडल्यावर चिरचिरतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छातीवर जाड पट्टा, आणि भर उन्हात उघड्याबोडक्या सागाच्या शेंड्यावर बसून शेपटी झटकायची सवय. हे सगळं खुशालरावांनी कुर्बानकडून शाळेतल्या पोरासारखं घोकून घेतलं.

चार हिवाळे दोघं हिंडले. खुशालराव मोर्शीहून पहिल्या एसटीनं यायचे, मग काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून डोंगरातल्या घटांग गावापर्यंत, तिथून पायी. डबा रुख्मिणीकाकूंचा, ज्वारीची भाकर आणि ठेचा. थर्मास कुर्बानचा. चढणीवर कुर्बान पुढे आणि खुशालराव मागे, पण पाखरू आधी दिसायचं खुशालरावांना आणि ऐकू यायचं कुर्बानला. आवळ्याच्या खोरीपर्यंत त्यांची हद्द. ही खोरी म्हणजे दोन सोंडांमधली अरुंद दरी, खाली नाला, वर कडेला पानगळ झालेले जुने साग. कुर्बानची बायको कुलसुमबी लोकांना सांगायची की सवत आणली असती तर निदान घरात दिसली तरी असती. हसायची, पण मनातून तिला बरं वाटायचं. काम नसलेला नवरा घरी बसून भिंतीकडे पाहण्यापेक्षा डोंगर हिंडलेला परवडला.

तिसऱ्या उन्हाळ्यात मोर्शीकडे पाणी आटलं. खुशालरावांची बोअर कोरडी गेली आणि बाग उभी वाळली. पावसाळ्यात फुटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. पावसानंही तोंड दाखवून पाठ फिरवली. शेवटी दोन हजार चारच्या फेब्रुवारीत करवतवाले बोलावून त्यांनी झाडं आडवी केली. बावीस वर्षांची झाडं, त्यांनी स्वतःच्या हातानं कलमं लावलेली. त्याच आठवड्याच्या रविवारी ते आले खरे, पण दुर्बीण गळ्यात तशीच लटकत राहिली. खोरीच्या वर खडकावर बसल्यावर म्हणाले, "आता पुरे झालं, कुर्बान. बाग बी गेली अन् पाखरू बी नाई. आजच्यानं बंद करू."

पाणी भरून आणतो म्हणून कुर्बान कॅन घेऊन नाल्यात उतरला. वाळूत खणलेल्या झिऱ्यात पाणी भरायला वेळ लागतो, तेवढा वेळ तो वरच्या त्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होता. बिचाऱ्याला हसवावं एवढंच त्याच्या मनात होतं, असं तो पुढे दोन वर्षं स्वतःला सांगत राहिला. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली दुसरं एक होतं आणि ते त्याला आतून ठाऊक होतं. हे बंद झालं तर पुढच्या रविवारी आपण कुठं जायचं, ही त्याची त्याला पडलेली धास्ती. त्यानं दोन्ही तळवे जुळवून पोकळी केली, अंगठ्यांच्या फटीवर ओठ ठेवले आणि रानपिंगळ्याची हाक काढली. आधी एक आखूड, मग एक लांब, मऊ. थोडं थांबला आणि पुन्हा काढली. कॅसेट त्यानं शंभरदा ऐकली होती. कमी ना जास्त, तसाच आवाज आला, आणि वाजवणाऱ्याला वाटतं तसं त्याला जरा बरंही वाटलं.

आता वर जायचं, सर विचारतील, आपण हसायचं, ते दोन शिव्या देतील, असा हिशेब करून तो चढला. वर खुशालराव उभे होते. टोपी काढून हातात घेतलेली, ओठांवर बोट, डोळे भरून वाहत होते. बाग आडवी होताना या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, असं काकूंनी पुढे कधीतरी सांगितलं.

"आयकलं का तुनं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आयकलं, सर," कुर्बान म्हणाला.

तिथं तो फसला. हाक काढली ती थट्टा होती, थट्टेला माफी असते. पण "आयकलं" हे साफ खोटं होतं आणि ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललेलं. त्या एका शब्दाऐवजी हसला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. तो हसला नाही. खुशालरावांनी वही काढली, खोरीचा नकाशा रेखला, तारीख आणि वेळ टाकली आणि हाक जिकडून आली तिकडे बाण काढला. बाण खाली नाल्याकडे होता, जिथं कुर्बान कॅन भरत बसला होता नेमका तिथंच. त्यांची नजर आणि त्यांचा कान, दोन्ही असे धारदार होते.

बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. माणूस दहा वर्षांनी तरणा झाला. दर रविवारी आवळ्याची खोरी. मार्चमध्ये एकदा कुर्बान तुटलेल्या चपलेचा अंगठा बांधत मागे राहिला होता, तो पोचला तर खुशालराव वही उघडून बसलेले. पुन्हा ऐकली म्हणाले, या खेपेला वरच्या कडेकडून. कुर्बाननं तर आवाज काढला नव्हता. एप्रिलमध्ये कुर्बान एका लग्नात वाजवायला बार्शीटाकळीला गेला असताना खुशालराव एकटेच खोरीत गेले आणि तिसरी नोंद करून आले. तीही वरच्या कडेची. कुर्बाननं त्याचा अर्थ एकच लावला, की आपण एका भल्या माणसाच्या कानात भास पेरला आणि आता तो आपोआप उगवायला लागला आहे.

सांगून टाकावं असं त्याला दर रविवारी वाटायचं. जीपमध्ये ठरवायचा की घटांगला उतरल्यावर सांगू. घटांगला ठरवायचा की डबा खाऊन झाल्यावर. डबा उघडला की खुशालराव भाकरीचा मोठा तुकडा आधी त्याच्या हातावर ठेवायचे. तो हातावर आला की बोलणं पुढच्या रविवारवर जायचं. कुलसुमबीला एकदा त्यानं सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली की आजच्या आज जा आणि बोल, उद्या जड जाईल. तिचं बरोबर होतं आणि तरी तो गेला नाही. भित्रेपणाला त्यानं दया असं नाव देऊन ठेवलं होतं. म्हातारा खूश आहे, त्याची खुशी काढून आपल्याला काय मिळणार, असं तो म्हणायचा आणि ते म्हणताना स्वतःच्याच नजरेतून उतरायचा.

पावसाळा गेला. डिसेंबरात अमरावतीहून दामिनी आली. ती तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि निसर्गप्रेमींच्या मंडळाची पक्ष्यांची यादी तिच्याकडे होती. खुशालरावांनी तिला तिन्ही नोंदी कळवल्या होत्या. तीन दिवस ती दोघांबरोबर खोरीत हिंडली, टेप लावून पाहिली, पण काही ऐकू आलं नाही. तरी तिनं नकार दिला नाही. खुशालरावांची वही तिनं पानं उलटून उलटून पाहिली होती आणि असा काटेकोर माणूस तिला सगळ्या जिल्ह्यात दुसरा माहीत नव्हता. नोंदी यादीत घेऊ म्हणाली. प्रत्यक्ष पाहिलं नसल्यामुळे कागदावर दोघांची सही लागेल, ऐकणाऱ्याची आणि नेहमी सोबत हिंडणाऱ्या माणसाची, एवढंच.

संक्रांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या सह्यांसाठी ती मोर्शीला आली, कुर्बानलाही बोलावलं होतं. रुख्मिणीकाकूंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. खुशालरावांनी धुतलेला सदरा घातला होता. किशोरला पुण्याला फोन करून झाला होता, शेजारच्या दोघांना सांगून झालं होतं. दामिनीनं कागद पुढे केला. त्यावर तीन तारखा, तीन वेळा, नकाशा आणि त्यावर तीन बाण होते. एक नाल्याकडे आणि दोन वरच्या कडेकडे. खुशालरावांनी सही केली, तारीख टाकली आणि पेन कुर्बानच्या हातात दिलं.

त्याला वर्षभरात शंभर जागा मिळाल्या होत्या. खडक होता, जीप होती, दोघंच असायचे ती लांब उतरण होती. त्या सगळ्या सोडून तो इथं बोलला, परक्या बाईसमोर आणि काकूंसमोर, कारण इथं न बोलता सुटका नव्हती.

"सर, ते पयलं राहू द्या. ते पाखरू नोतं. तो आवाज म्या काढला होता."

खुशालरावांना आधी कळलंच नाही. मग कुर्बाननं तळवे जुळवून दाखवले, आणि नाल्याचं, पाण्याच्या कॅनचं, थट्टेचं सगळं एका दमात सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या त्या आत निघून गेल्या. दामिनी कागदाकडे पाहत बसली.

"अन् बाकीचे दोन?" खुशालरावांनी विचारलं.

"ते म्या नाई काढले. कसम खाऊन सांगतो, सर. एका डावाले तं मी तिथं नोतोच."

दामिनीनं हळूच सुचवलं की मग पहिली नोंद गाळू आणि उरलेल्या दोन ठेवू, त्यांत काही अडचण दिसत नाही. खुशालरावांनी कुर्बानच्या हातातून पेन परत घेतलं आणि तिन्ही नोंदींवर एकच आडवी रेघ मारली. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा त्यांचा हात होता. दामिनी नको म्हणाली, कुर्बान तर हात जोडून नको म्हणाला.

"ज्या कानाले तुमचा अन् पाखराचा आवाज येगळा समजला नाई," ते कुर्बानला म्हणाले, "त्या कानाची साक्ष मी कशी देऊ?"

चार वर्षं ते त्याला अरेतुरे करत आले होते. त्या दिवसापासून तुमी झालं, आणि कुर्बानचा कुर्बानभाऊ झाला. रागावले नाहीत, जेवल्याशिवाय त्याला जाऊही दिलं नाही. ओरडले असते तर कुर्बाननं पाय धरले असते. त्यांनी पाय धरायला जागाच ठेवली नाही. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. गुडघा दुखतो असं एक पोस्टकार्ड आलं. त्यांचा गुडघा कसा आहे ते कुर्बानपेक्षा कोणाला जास्त माहीत होतं?

पुढचा हिवाळा कुर्बान एकटा हिंडला. कुलसुमबीनं विचारलं, आता कोणासाठी? त्याला धड सांगता आलं नाही. घरी बसलं की ती रेघ डोळ्यांसमोर यायची, चालताना जरा कमी यायची. दुर्बीण नव्हती, कॅसेट त्यानं कपाटात टाकून दिली होती आणि जंगलात तो शीळसुद्धा घालत नव्हता. एखाद्या लग्नात पोरांनी पाखराचा आवाज काढ म्हणून गळ घातली तर येत नाही म्हणायचा.

दोन हजार सहाच्या जानेवारीतला एक रविवार. नऊ वाजून गेले होते, धुकं विरून ऊन खोरीत उतरलं होतं. कुर्बान नाल्यात पाणी पीत होता आणि वरच्या कडेकडून हाक आली. आधी एक आखूड, मग एक लांब, मऊ. तो ओंजळ तशीच धरून थांबला. पुन्हा आली. तो नाल्यातून वर चढला, अर्धा गुडघ्यांवर, अर्धा हातांवर, आणि खडकाच्या आडून मान वर काढली. साठ-सत्तर पावलांवर एका निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर ते बसलं होतं. डोकं कोरं. छातीवर जाड तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र, पाय दाट पिसांत बुडालेले. शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकत होतं. त्यानं सरळ कुर्बानकडे पाहिलं आणि पाहत राहिलं. पंधरा मिनिटं तरी बसलं असेल.

इतके हिवाळे ज्याच्यामागे घालवले ते समोर होतं, आणि कुर्बानला आनंद झाला नाही. त्याला कागदावरचे दोन बाण आठवले. दोन्ही इकडेच होते, याच सागांकडे. खुशालरावांना भास झालाच नव्हता. त्यांनी ऐकलं ते खरं पाखरू ऐकलं होतं. खोटी होती ती एकच हाक, आणि त्या एकीपायी त्यांनी आपल्या हातानं खऱ्या दोन खोडून टाकल्या. कुर्बान खडकामागे बसून रडला. बाप गेला तेव्हाही तो एवढा रडला नव्हता.

पाखरू उडाल्यावर तो धावतच उतरला. परतवाड्यात घरीही गेला नाही, थेट मोर्शीची गाडी धरली. गाडीत त्यानं सगळी उत्तरं तयार केली. सर विचारतील डोकं कसं होतं. विचारतील पट्टा मधे तुटलेला होता का, पोटावर रेघा होत्या का, किती उंचीवर बसलं होतं, ऊन कोणत्या बाजूनं होतं. त्याला सगळं सांगता येणार होतं.

खुशालराव शेतातच भेटले. संत्र्याची झाडं होती तिथं आता हरभरा होता आणि ते त्यातलं तण काढत होते. कुर्बानला पाहून उठले, हात झटकले, बांधावर बसायला पोतं अंथरलं. कुर्बान उभ्यानंच बोलत सुटला.

"सर, हाये ते. आज पायलं म्या, माह्या डोयानं. वरच्या कडेले बसलं होतं. तुमचे दोनी बाण बराबर होते, सर. तुमचे कान बराबर होते."

खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. डोक्याचं विचारलं नाही, पट्ट्याचं विचारलं नाही. वही आणायला घराकडे पाहिलंसुद्धा नाही. कुर्बानचं बोलणं संपलं तरी ते हरभऱ्याकडेच पाहत होते. दामिनीला कळवा, तिला आनंद होईल, एवढं म्हणाले. ती चार दिवस येऊन पाहील, दिसलं तर तुमच्या नावानं नोंद होईल.

"माह्या नावानं नाई लागत, सर. तुमी चला. येत्या रविवारी, एकच डाव चला." कुर्बाननं हात जोडले. "तुमाले दाखवतो."

"येईन न," खुशालराव म्हणाले. "गोडघ्याले काई झालं नाई माह्या. पन एक सांगा, कुर्बानभाऊ. तिथं हाक आली, तं मी झाडाकडं पाहीन, का तुमच्या तोंडाकडं?"

त्यांच्या आवाजात टोचणं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं आणि ते खरंच विचारत होते. कुर्बाननं जोडलेले हात खाली घेतले.

परतवाड्याची गाडी साडेपाचला होती. खुशालराव त्याला स्टँडपर्यंत पोचवायला आले, आणि सगळ्या वाटेनं किशोरच्या बदलीचं सांगत राहिले.